गावच्या चौकात अंतराळवीर उभा करायचा तर

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून नगरसेवक भाऊंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: बसस्थानकासमोरच्या चौकात कल्पना चावला यांचा फायबरचा पूर्णाकृती पुतळा आणि शेजारी 40 फुटी रॉकेट उभारायचं ठरतंय. थोडी लोकवर्गणी जमली आहे, बाकी निधी मिळेल. औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा येत आहे, तेव्हा लेकरांना विज्ञानाची गोडी लागावी हा हेतू. पण गावातलेच काही जण म्हणतात, आपल्या गावचं कुणी अंतराळात गेलेलं नाही, मग हे कशासाठी? त्यांना काय सांगावं, बाहेरची लहान गावं आपल्या अंतराळवीराचं स्मारक कसं करतात, आणि आपल्याकडे ते टिकेल कसं?

भाऊ, मराठवाड्यात पुतळे, चौथरे, शिलालेख हेच माझं काम आहे, म्हणून आधी स्पष्ट सांगतो. हेतू चांगला आहे, आराखडा बदला. रॉकेट काढा, फायबर काढा, चौकही सोडा. आता कारणं.

तुमच्या गावात जे लोक "आपलं कोण गेलं?" असं विचारतात, त्यांना विरोधक समजू नका. अंतराळवीरांची जी स्मारकं लोकांनी खरोखर जपली, त्यातली बहुतेक त्याच एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहेत.

अमेरिकेत इंडियाना राज्यात मिचेल नावाचं छोटं गाव आहे. गस ग्रिसम तिथले. 1926 साली जन्म, 1961 साली अंतराळात जाणारे दुसरे अमेरिकी, 1965 साली जेमिनी 3 या यानाचे कमांडर, आणि 27 जानेवारी 1967 ला अपोलो 1 च्या जमिनीवरच्या चाचणीत यानाला आग लागून गेले. सोबत एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हेही गेले. मिचेलच्या आसपास चुनखडीच्या खाणी आहेत, अमेरिकेतल्या मोठमोठ्या सरकारी इमारतींना तो दगड गेला आहे. गावाने ग्रिसम यांच्यासाठी रॉकेटच्या आकाराचा उंच स्तंभ घडवला तो त्याच दगडातून, आणि उभा केला तो ते लहानपणी ज्या शाळेत शिकले तिच्या जागेवर. जवळच्या स्प्रिंग मिल उद्यानात 1971 साली स्मारक झालं, तिथे जेमिनी 3 चं खरं यान ठेवलं आहे. मॉडेल नाही, अंतराळात जाऊन आलेली खरी वस्तू. म्हणजे गावचा दगड, गावची शाळा आणि एक अस्सल वस्तू. रॉकेटचा आकार तिथे शोभतो, कारण बाकी सगळं खरं आहे.

ओहायोतलं वापाकोनेटा हे नील आर्मस्ट्राँग यांचं गाव. चंद्रावर उतरल्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, 20 जुलै 1972 ला, तिथलं संग्रहालय उघडलं. राज्याने निधी दिला आणि गावकऱ्यांनीही आपला वाटा उभा केला. इमारत मातीच्या टेकाडात अर्धी दडवलेली, वर पांढरा घुमट. आत जेमिनी 8 चं खरं यान. ते एका माणसाचं देऊळ करता आलं असतं, पण केलं ते अवकाशप्रवासाचं संग्रहालय. रशियात गझात्स्क गावाने तर 1968 साली युरी गागारिन गेल्यावर स्वतःचं नावच गागारिन करून घेतलं. नाव बदलणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आपल्याला तो वेगळा शिकवायला नको, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

मला मात्र सगळ्यांत जास्त शिकवलं ते साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटीने. रोनाल्ड मॅकनेअर तिथले. 1959 साली नऊ वर्षांचा हा काळा मुलगा गावच्या वाचनालयात विज्ञानाची पुस्तकं घ्यायला गेला. वाचनालय गोऱ्यांसाठी होतं, त्याला नकार मिळाला. तो हलेना. ग्रंथपाल बाईंनी पोलीस बोलावले, आई आली, आणि शेवटी पुस्तकं मिळाली. पुढे त्याने एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली, लेसरवर काम केलं, 1984 साली अंतराळात गेला आणि 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यानाच्या अपघातात गेला. आज लेक सिटीत त्याची समाधी आहे, पुतळा आहे. आणि ज्या इमारतीत त्याला अडवलं होतं तिथेच 2011 पासून त्याच्या जीवनाचं संग्रहालय आहे.

विचार करा भाऊ, गावाला स्वतःची लाजिरवाणी गोष्ट झाकून दुसऱ्या चकाचक जागी स्मारक करता आलं असतं. त्यांनी तीच इमारत घेतली. नऊ वर्षांचं पोर आत जातं, काउंटर कुठे होता ते बघतं, आणि त्याला मास्तरांच्या तासभराच्या भाषणात कळणार नाही ते तिथे उभ्या उभ्या कळतं. आपल्या पाणवठ्याच्या, पंगतीच्या, शाळेच्या ओट्याच्या कितीतरी गोष्टी मराठवाड्यात अशाच पडून आहेत. तो वेगळा विषय आहे, पण स्मारकाची जागा निवडताना हे डोक्यात असू द्या.

आता कल्पना चावला यांचं तुमच्या गावाशी नातं काय? त्यांचा जन्म हरियाणातल्या कर्नालचा, 1962 चा. त्यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय कर्नालला आहे, तारांगण कुरुक्षेत्रात आहे. ते त्यांचं गाव, त्यांचा हक्क. सुनीता विल्यम्स यांच्या वडिलांचं झुलासण गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात आहे. 2025 च्या मार्चमध्ये त्या परतल्या तेव्हा तिथे फटाके वाजले, ते योग्यच. शुभांशू शुक्ला लखनौचे, 25 जून 2025 ला अंतराळ स्थानकाकडे निघाले. ही सगळी नाती आपापल्या ठिकाणी खरी आहेत. मराठवाड्यात बसून "आमची कल्पना" म्हणायचं असेल तर नातं शोधावं लागेल, आणि ते सापडतंही. तुमचं गाव साधारण 19.7 अक्षांशावर आहे. कल्पना यांच्या 1997 च्या मोहिमेची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे 28 अंश कललेली होती आणि 2003 च्या मोहिमेची 39 अंश. म्हणजे दोन्ही वेळा कोलंबिया यान रोज आपल्या अक्षांशावरून ये-जा करत होतं. "आपलं कोण गेलं?" विचारणाऱ्यांना हे सांगा: ती आपल्या गावची नव्हती, पण तिच्या फिरण्याच्या पट्ट्यात आपलं आभाळ होतं. आणि अंतराळाची हद्द साधारण 100 किलोमीटर वर धरतात. हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने त्याच्या दुपटीच्या आसपास पडतं.

म्हणून माझी सूचना अशी, की तुमचं स्मारक माणसाचं कमी आणि आभाळाचं जास्त करा. पुतळा हवाच असेल तर अर्धाकृती करा, पण मधोमध एक सरळ खांब उभा करा.

हा खांब काय करतो ते नीट सांगतो, कारण मंडळाच्या बैठकीत तुम्हालाच समजावून सांगायचं आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या भागात वर्षातून दोनदा दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. हिंगोलीच्या अक्षांशावर हे मे महिन्यात 19 तारखेच्या आसपास आणि जुलैत 24-25 च्या आसपास घडतं. वेळ घड्याळात बाराची नसते. आपलं घड्याळ 82.5 रेखांशावर चालतं आणि आपण 77 च्या आसपास राहतो, त्यामुळे आपली खरी दुपार सुमारे 21 मिनिटं उशिरा होते. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे होणारी थोडी कमीजास्त धरली की मे महिन्यात ती 12 वाजून 18 मिनिटांच्या जवळ आणि जुलैत 12 वाजून 28 मिनिटांच्या जवळ पडते.

खांब 3 मीटरचा केला तर 21 मार्चला खऱ्या दुपारी सावली उत्तरेला एक मीटरहून थोडी जास्त असेल. 22 डिसेंबरला ती उत्तरेकडे सुमारे 2.8 मीटर लांब जाईल. आणि 21 जूनला, ज्यावर लेकरांचा विश्वासच बसत नाही, सावली दक्षिणेला पडेल, जेमतेम 20 सेंटिमीटर. या चार-पाच जागा फरशीत पितळी बिंदूंनी किंवा कोरलेल्या रेघांनी दाखवा. तालुक्यातली कुठलीही शाळा वर्षभर तिथे येऊन मोजेल, आणि मोजताना अंक जुळतील. 40 फुटी रॉकेटपाशी लेकरू दोनदा येईल, फोटो काढेल आणि जाईल. लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा गुरुत्वीय लहरींनी होणारा प्रोटॉनहूनही लहान फरक मोजणार आहेत. त्या यंत्राच्या जिल्ह्यातलं स्मारक मोजमापाचं असावं, ही माझी हौस आहे असं समजा हवं तर.

खांब अगदी ओळंब्यात हवा. गवंड्याच्या साध्या ओळंब्याने चारही बाजूंनी तपासा आणि खरी उत्तर दिशा होकायंत्रावरून घेऊ नका. एखाद्या दिवशी सकाळ-दुपार सारख्या लांबीच्या सावल्यांच्या टोकांना खुणा करून मधली रेघ काढा, ती खरी उत्तर-दक्षिण. हे काम आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्या. तिथेच स्मारक निम्मं सार्थकी लागतं.

आता चौकाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये असं सांगितलं आहे. महाराष्ट्रात पुतळ्यांसाठी शासनाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: जागेची मालकी, पोलिसांचं ना हरकत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती, आणि पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. ठेकेदार तुम्हाला सांगेल की "आधी उभा करा, मग नियमित करून घेऊ." त्याचं ऐकू नका. एकदा पुतळा उभा राहिला की तो हलवणं हा कायद्यापेक्षा भावनेचा प्रश्न होतो, आणि तुमच्या तालुक्यात त्याचा अर्थ काय होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. शाळेचं मैदान, वाचनालयाचं आवार किंवा नगरपंचायतीची बाग घ्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर सर्वांत उत्तम. मिचेलने तेच केलं.

हयात व्यक्तीचा पुतळा करू नका, इतकंच एका वाक्यात सांगतो. राकेश शर्मा, शुभांशू शुक्ला यांची नावं भिंतीवर येऊ द्या, पुतळा नको.

मूर्तीच्या बाबतीत दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. पहिली: कल्पना चावला इस्रोच्या रॉकेटमधून गेलेल्या नाहीत. त्या नासाच्या कोलंबिया या स्पेस शटलमधून गेल्या, दोन्ही वेळा. त्यांच्या शेजारी इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट उभं केलं तर ते लहान मुलांना खोटं शिकवतं. (इस्रोचा त्यांच्याशी खरा धागा वेगळा आहे: आपल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला 2003 साली कल्पना-1 हे नाव दिलं गेलं.) दुसरी: त्यांनी यानाबाहेर पडून अंतराळात चालणं केलेलं नाही. 1997 च्या मोहिमेत ते काम विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी केलं. कल्पना यानाचा यांत्रिक हात चालवत होत्या. म्हणून पांढरा जाडजूड पोशाख आणि तोंडावर सोनेरी काच असा पुतळा करू नका. शटलच्या उड्डाण-उतरणीचा पोशाख नारिंगी असतो, त्यात चेहरा उघडा ठेवता येतो. मूर्तिकाराला अंतराळवीराचा "कुठलाही फोटो" देऊ नका. मोहिमेचा अधिकृत फोटो द्या आणि तो कोणत्या मोहिमेचा ते लिहून द्या.

त्याच 1997 च्या मोहिमेत स्पार्टन नावाचा एक उपग्रह सोडताना तो भरकटला आणि नंतर दोघांनी बाहेर जाऊन हाताने तो धरला. आधी दोष कल्पना यांच्यावर आला, पुढे चौकशीत सॉफ्टवेअर आणि कार्यपद्धतीतल्या उणिवा समोर आल्या. ग्रिसम यांच्याबाबतही असंच झालं: 1961 साली समुद्रात उतरल्यावर यानाचं दार अकाली उडालं, यान बुडालं, आणि त्यांनीच घाबरून दार उडवलं असं कित्येक वर्षं बोललं गेलं. त्यांनी ते शेवटपर्यंत नाकारलं. यान 1999 साली समुद्राच्या तळातून वर काढलं गेलं. असे प्रसंग फलकावर येऊ द्या. आपल्याकडे स्मारकावर फक्त "थोर", "महान" आणि "प्रेरणास्थान" लिहायची पद्धत आहे, आणि ते वाचून कोणी काही शिकत नाही.

मजकूर लिहिताना वस्तुस्थिती तपासून घ्या. अंतराळात जाणारे पहिले भारतीय राकेश शर्मा, 3 एप्रिल 1984, सोयूझ टी-11 यानातून सॅल्यूट 7 या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर, अंतराळात एकूण सात दिवसांहून जास्त. कल्पना चावला या भारतात जन्मलेल्या, पण उड्डाणाच्या वेळी अमेरिकेच्या नागरिक. म्हणून "भारतीय वंशाच्या पहिल्या महिला अंतराळवीर" असं लिहा. दोन मोहिमा मिळून 31 दिवसांहून थोडा जास्त काळ त्या अंतराळात होत्या. 16 जानेवारी 2003 ला उड्डाणाच्या वेळी सुटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखाला लागला आणि 1 फेब्रुवारीला उतरण्याआधी 16 मिनिटं यान तुटलं. सातही जण गेले. सातही नावं कोरा. एकटीचं नाव कोरून बाकीचे सहा वगळणं मला बरं वाटत नाही. यान सगळ्यांचं होतं.

आता टिकण्याचा प्रश्न, ज्यावर तुम्ही सर्वांत कमी विचारलंय आणि माझ्या मते पैसा सर्वांत जास्त तिथे जायला हवा. मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर कुठलाही चौथरा तसाच बांधू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात जातो. वरून बांधलेला चौथरा दोन-तीन पावसाळ्यांत एका बाजूला कलतो, फरश्या उचलल्या जातात, आणि तुमच्या खांबाचा ओळंबा गेला की सावलीचं सगळं गणित गेलं. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर टोकाचे कांडी-पाये घ्या, किंवा काळी माती काढून पुरेशा खोलीपर्यंत मुरूम थराथराने, पाणी मारून, ठोकून भरा. चौथऱ्याभोवती पाणी मुरू देऊ नका: उताराची फरशी आणि बाहेर काढून देणारी नाली. मोठं झाड चौथऱ्याला खेटून लावू नका, मुळं माती सुकवतात आणि एका बाजूने पाया बसतो. माती परीक्षण करून घ्या. त्याचा खर्च रॉकेटच्या रंगापेक्षा कमी असतो.

30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. दगडावर दगड नुसता ठेवून, वर जड मूर्ती बसवून मोकळं होऊ नका. मूर्तीच्या पायातून चौथऱ्यात खोल जाणारे गज स्टेनलेस स्टीलचे हवेत. साधं लोखंड दगडात गाडलं की गंजून फुगतं आणि आतून दगड फोडतं. जुन्या चौथऱ्यांच्या कडा फुटलेल्या दिसतात त्याचं बऱ्याच वेळा हेच कारण असतं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला, अनावरणाला नऊ महिने होण्याआधी कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं त्या आधीच लेखी कळवलं गेलं होतं. उंच गोष्ट उभी करताना वाऱ्याचं गणित आणि जोडांची तपासणी स्थापत्य अभियंत्याच्या सहीने झाली पाहिजे, मूर्तिकाराच्या शब्दावर नाही. 40 फुटी पोकळ पत्र्याच्या रॉकेटवर वळवाच्या वादळात किती जोर येतो ते तुम्हाला मे महिन्यात उडालेल्या पत्र्यांवरून कळेलच.

फायबरबद्दल लोक माझ्यावर रागावतात, कारण ते स्वस्त असतं. पण आपल्या उन्हात फायबरचा वरचा थर काही उन्हाळ्यांत पांढुरका होतो, मग बारीक तडे जातात, मग दरवर्षी रंग मारावा लागतो आणि दर रंगाबरोबर चेहरा थोडा थोडा बदलतो. शेवटी तो कुणाचा पुतळा आहे हे नावावरूनच कळतं. ब्राँझ परवडत नसेल तर मूर्ती लहान करा, पण ब्राँझ करा: मातीकाम, त्यावर साचा, मेण, आणि ओतकाम. तांबं 85 टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5 टक्के हा नेहमीचा मेळ आहे. ओतकाम कारखान्याकडून धातूचा तपासणी अहवाल मागा. तोही जमत नसेल तर मूर्ती नकोच. काळ्या पाषाणात कोरलेला एक उत्कृष्ट उठाव खूप आहे. वेरूळचं कैलास लेणं याच दख्खनी बेसॉल्टमध्ये कोरलेलं आहे आणि औंढ्याचं नागनाथ मंदिर तुमच्या उंबऱ्याशी आहे. मिचेलने आपल्या खाणीचा दगड वापरला, तसा तुम्ही आपला वापरा. फरशीला शहाबादी चालेल, पण खांबाभोवतीच्या मोजणीच्या भागात नको; तिचे पापुद्रे निघतात आणि कोरलेल्या रेघा जातात. तिथे पाषाणच.

अक्षरं दगडात कोरा. चिकटवलेली पितळी अक्षरं भुरट्या चोरांसाठी असतात आणि फ्लेक्स एक उन्हाळाही धड काढत नाही. कोरल्यावर अक्षरांत पांढरा रंग भरून घ्या, काळ्या दगडावर तो लांबून वाचता येतो.

कोनशिलेबद्दल. मान्यवरांची नावं ठीक आहेत, पण ती वेगळ्या दगडावर, बाजूला, मूर्तीच्या नावापेक्षा लहान अक्षरांत. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरावात लिहून घ्या. नंतर ती ठरवणं कुणालाही जमत नाही, मलाही जमलेलं नाही.

रात्रीचे फोकस लावू नका. आभाळाच्या स्मारकावर वर तोंड केलेले चार हॅलोजन लावणं म्हणजे विहीर खणून त्यावर फरशी टाकणं. पायवाटेपुरते खाली तोंड केलेले मंद दिवे पुरेत. मैदानात उभं राहून अंतराळ स्थानक जाताना दिसतं: सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, साधारण 92 मिनिटांत पृथ्वीची फेरी मारत, संध्याकाळी किंवा पहाटे दोन-चार मिनिटं चमकणारा ठिपका. शाळेच्या फळ्यावर त्या आठवड्याच्या वेळा कोणी शिक्षकाने लिहिल्या की निम्मं गाव मैदानात जमतं.

आणि त्या शिक्षकाचाच प्रश्न राहतो. मराठवाड्यात तालुक्या-तालुक्यात हुतात्मा स्मारकं आहेत. त्यातली काही सुंदर राखलेली आहेत, काहींना कुलूप आहे आणि आत निवडणुकीचं सामान. फरक इमारतीत नसतो, किल्ली कोणाकडे आहे आणि आठवड्यातून एकदा ती कोण उघडतो यात असतो. म्हणून जमलेल्या पैशातला ठरावीक भाग बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवा आणि त्याच्या व्याजातून एका माणसाचं मानधन व साफसफाई भागवा. नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात देखभालीचं स्वतंत्र शीर्ष करून घ्या. हे दोन्ही झाल्याशिवाय कामाची निविदा काढू नका. वापाकोनेटाचं संग्रहालय अर्ध्या शतकानंतरही चालू आहे ते उद्घाटनाच्या भाषणांवर चाललेलं नाही.

मुहूर्ताबद्दल तुम्ही 17 मार्च, कल्पना यांची जन्मतारीख, सुचवली आहे. चालेल, पण मी जुलै सुचवीन. मे महिन्यात आभाळ स्वच्छ असतं, सावली नाहीशी होताना नक्की दिसेल, पण शाळांना सुट्टी. जुलैच्या चोविशीला शाळा भरलेल्या असतात, मात्र ढगांचा भरवसा नाही. माझं म्हणणं, अनावरण जुलैत ठेवा, ढग आले तर आले, लेकरं तर असतील. आणि मे महिन्यात ज्यांना यायचं ते स्वतःहून येतील. मंत्र्यांना वेळ मात्र 12 वाजून 28 मिनिटांची द्या आणि ते उशिरा आले तर थांबू नका, सूर्य थांबणार नाही.

पुढच्या वेळी बोलताना जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, माती परीक्षणाचा अहवाल आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचं संमतीपत्र जवळ ठेवा. मातीच्या अहवालात मुरूम किती फुटांवर लागला ते आधी कळवा, पायाचं रेखाचित्र त्यावरूनच करता येईल.